ओसरत्या पाण्याचा काठ

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना समुद्र नाही, खाडी नाही, नैसर्गिक म्हणावे असे एखादे मोठे सरोवरही नाही; पश्चिमेस सह्याद्रीचा कडा उभा, आणि महाबळेश्वरास वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास कोसळणारा पाऊस शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेस, म्हसवड-आटपाडीच्या माळावर पोहोचेपर्यंत, पाचशेच्या आतबाहेर येऊन थकतो. अशा मुलखात, ज्यांचे अवघे आयुष्य पाणी आणि जमीन यांच्या सांध्यावर जाते ते तुतवार, टिलवे, चिखल्या, पाणलावे दर हिवाळ्यात नेमाने यावेत, आणि त्यांच्यामागोमाग दुर्बिणी व कॅमेरे घेतलेली माणसे पुण्या-मुंबईहून मायणीच्या तलावाच्या रस्त्याला लागावीत, हे वरवर पाहता नवलाचेच आहे. त्या नवलाचा उलगडा निसर्गाच्या पुस्तकात फारसा सापडत नाही. हा काठ निसर्गाने घातलेला नसून माणसांनी, आणि तोही बव्हंशी उपाशी माणसांनी, डोक्यावरून माती वाहून घातलेला आहे; म्हणून त्याचा इतिहास शोधणाऱ्याने आधी दुष्काळाचे दफ्तर उघडावे आणि मग पक्ष्यांचे, असे माझे मत आहे.

तलाव होण्यापूर्वी या पक्ष्यांना येथे थाराच नव्हता असे मात्र नव्हे. कोयनेचा शिवसागर आणि धोमचा जलाशय अस्तित्वात येण्याच्या आधी, माघ-फाल्गुनाच्या सुमारास कृष्णा आपल्या पात्राच्या एका कडेस सरून बसे, आणि वाईपासून संगम माहुलीपर्यंत, माहुलीपासून कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत, व तेथून खाली औदुंबर, सांगली, हरिपूरपर्यंत वाळूचे पट्टे, गोट्यांची बेटे आणि मळईचे ओले काठ उघडे पडत. वाळूत नदी सुरय आणि छोटी आर्ली अंडी घालीत, मळईवर धोबी आणि तुतवार हिंडत, आणि हरिपुरास, जेथे वारणा कृष्णेस मिळते आणि जेथे जमिनीच्या पोटात खोदलेल्या पेवांतून हळद साठवण्याची व्यापारी वहिवाट होती, तेथे घाटावर स्नानास उतरणाऱ्या माणसाला पक्षी मुद्दाम पाहावे लागत नसत. ते समोर असतच. त्या पाहण्यात हेतू नव्हता आणि नोंदही नव्हती. टिटवी तेवढी अपवाद, कारण तिच्या रात्रीच्या ओरडण्याला अपशकुनाचा अर्थ लागला होता, आणि आभाळ कोसळलेच तर ते पायांवर झेलावे म्हणून ती पाय वर करून निजते अशी तिची थट्टाही घरोघर चाले. अंडी गिळणाऱ्या समुद्राशी वैर धरणारे पंचतंत्रातील टिट्टिभाचे जोडपे ज्यांनी पुराणिकाच्या तोंडून ऐकले होते, त्यांतील बहुतेकांनी समुद्र जन्मात पाहिलेला नव्हता. टिटवी मात्र रोज पाहिलेली होती.

नदीचा हा काठ अरुंद, आणि तो पश्चिमेच्या पाणीदार पट्ट्यापुरता. खटाव, माण, खानापूर, आटपाडी, कवठे महांकाळ, जत या पूर्वेकडील मुलखात येरळा, माण आणि अग्रणी या नद्या नावाने नद्या असल्या तरी वर्षातील बराच काळ त्यांच्या पात्रातून गाडीवाट जाई. येथे पाणी थोपवून धरण्याचा विचार इंग्रजी अमलात, १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यानंतर, पाटबंधारे खात्याच्या कागदांवर आला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेर, पिंगळी, मायणी, म्हसवड अशी नावे त्या कागदांत दिसू लागली. त्यांतील म्हसवडचा तलाव, जो आज लोकांच्या तोंडी राजेवाडीचा तलाव म्हणून आहे आणि सातारा-सांगलीच्या शिवेवर पसरलेला आहे, तो १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेतला गेला.

त्या दुष्काळाविषयी दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे, कारण पक्षी पाहावयास जाणारा मनुष्य ज्या भरावावर तिपाई रोवतो तो भराव त्या वर्षांचा आहे. १८७६ चा पाऊस दख्खनमध्ये फसला; धान्य आगगाडीने येऊ शकत होते, परंतु विकत घेण्यास रयतेच्या हाती पैसा नव्हता. हिंदुस्थान सरकारने १८७७ च्या प्रारंभी सर रिचर्ड टेंपल यास पाहणीसाठी धाडले, आणि खर्चाला आळा घालण्याच्या भरात त्याने दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी रोजी एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा एवढ्यावर आणून ठेवली. एवढ्या धान्यावर दिवसभर माती उपसणारा मनुष्य तगत नाही, हे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारास अर्जांवर अर्ज करून कळविले. आणि अर्जांची वाट न पाहता हजारो मजुरांनी, ज्यांचे नाव हजेरीपटावर होते म्हणूनच चूल पेटत होती अशांनी, कामे सोडून दिली. मराठी मुलखातील या मूक असहकाराची आठवण आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत अगदी निसटती येते. तलाव मात्र राहिले. त्यांच्या आखणीत पक्ष्यांचा विचार कोणी केला असेल असे मानण्यास काडीचाही आधार नाही. पण सपाट, उथळ खोऱ्यात लांबलचक बांध घालून पाणी अडविण्याची जी पद्धत त्या मुलखाच्या उंचसखलतेने अभियंत्यांवर लादली, तिच्यामुळेच पाण्याची कड अशी मंद उताराची झाली की पाणी वीतभर खाली गेले तरी कित्येक पावले चिखल उघडा पडावा.

हा वीतभर उतार हीच सारी किमया आहे. आश्विनात तलाव काठोकाठ भरलेला असतो तेव्हा छायाचित्रकारास तो अतिशय रम्य वाटतो आणि चिखल्याला तो निरुपयोगी असतो. पुढे कालवे सुटतात, ऊन चढते, पाणी मागे सरू लागते आणि दर आठवड्यास एक नवा ओला पट्टा उजेडात येतो, ज्याच्यात डासमाश्यांच्या अळ्या, गांडुळे, गोगलगाई आणि पाणकिडे यांचा साठा उन्हाळ्यापर्यंत पुरेल इतका असतो. त्या पट्ट्याच्या मागे माणसाचीही एक वहिवाट आहे. बुडीत क्षेत्रातील उघडी पडणारी जमीन गाळपेर या सदराखाली एकसाली लागवडीस देण्याचा रिवाज सरकारदरबारी जुना असून, पाणी जसे ओसरेल तसा शेतकरी हरभरा, गहू, कडवळ पेरीत खाली उतरतो. म्हणजे एकाच तलावाच्या उतारावर वर वाळून भेगाळलेली माती, तिच्याखाली हिरवे गाळपेर, त्याखाली बोटभर पाण्याने चकाकणारा चिखल आणि मग पाणी, असे पट्टे पडतात, आणि प्रत्येक पट्ट्याचा मालक निराळा असतो. मामलेदाराच्या कागदात त्यांतील एकाचीच नोंद सापडते.

आता या ओल्या पट्ट्यावरील शिकारीकडे पाहू. शिकार हा शब्द मी जाणून वापरतो, कारण दूरच्या माणसाला जे निरुपद्रवी टिपणे वाटते ते जवळून पाहिल्यास अत्यंत हिशेबी मृगया असते. कंठेरी चिखल्या डोळ्यांनी शिकार करतो; चोच आखूड, डोळा मोठा, आणि रीत अशी की चार-सहा पावले झपाट्याने धावावे, एकाएकी थिजून उभे राहावे, चिखलाच्या पृष्ठभागावर काही हलते का ते न्याहाळावे आणि मग वाकून एकच टोच मारावी. टिलवा याच्या उलट. जेमतेम वीस-तीस ग्रॅम वजनाचा हा पक्षी, जो सैबेरियाच्या उत्तरेकडील हिमप्रदेशातून येथवर येतो, तो क्षणभरही स्वस्थ राहत नाही. मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवीत तो कडेकडेने सरकतो. तुतवार एकांडा, दगडांच्या किंवा बांधाच्या आश्रयाने फिरणारा, आणि प्रत्येक पावलागणिक शेपटाकडचा भाग खालीवर हलविणारा. ठिपकेवाली तुतारी आणि हिरवी तुतारी ही त्याची भावंडे गुडघाभर पाण्यात अधिक रमतात. शेकाट्याचे तांबूस-गुलाबी पाय इतके लांब असतात की जेथे इतरांना पोहावे लागेल तेथे तो चालतो, आणि पाण्याच्या पृष्ठभागावरचे कीटक असे हलकेच उचलतो की तरंगही उठू नये.

पाणलाव्याची कथा सर्वांहून न्यारी आहे. त्याची लांब सरळ चोच चिखलात मुळापर्यंत रुतते, आणि तिच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म संवेदनाग्रांनी त्याला अंधारातले गांडूळ कळते. एवढेच नव्हे तर चोच चिखलातच ठेवून, तिचे मूळ न उघडता, वरच्या चोचीचे केवळ टोक उचलून तो भक्ष्य पकडू शकतो. डोळे मस्तकाच्या मागच्या बाजूस सरकलेले असल्यामुळे चोच रुतलेली असतानाही वरून येणारा शिकरा त्याच्या नजरेतून सुटत नाही. दर्विमुख आपली चमच्यासारखी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत सरळ रेषेत चालत जातो. छोटा बगळा पिवळ्या पावलाने गाळ ढवळतो आणि घाबरून निघालेला मासा टिपतो. आणि रोहित, ज्यांना अग्निपंख म्हणण्याची रूढी अलीकडे पडली आहे, ते डोके उलटे धरून, वरची चोच खाली आणि खालची वर अशा विपरीत स्थितीत, जिभेने पाणी आत-बाहेर करीत सूक्ष्म जीव आणि शैवाल गाळून घेतात. एकाच काठावर इतके जण एकमेकांच्या ताटात हात न घालता जेवतात याचे कारण चोचींची लांबी आणि पायांची उंची हेच होय. वंचक तेवढा या सर्वांत निष्क्रिय दिसतो. मातकट अंग, खांद्यात मान, डोळा अर्धा मिटल्यासारखा. तो उडतो तेव्हाच पंखांची पांढरी शुभ्रता दिसते आणि इतका वेळ तेथे पक्षी होता हे कळते.

या वंचकाच्या शास्त्रीय नावापाशी १८३२ हे साल आणि साइक्स हे नाव जोडलेले आहे, आणि तेथून आपल्या विषयाच्या लेखी इतिहासास आरंभ होतो. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अहवालकार. दख्खनची लोकसंख्या, पिके, जमीनधारा, पर्जन्यमान यांची खानेसुमारी करीत फिरताना त्याने पक्षीही मारले, मोजले आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात दख्खनच्या पक्ष्यांची यादी म्हणून १८३२ मध्ये प्रसिद्ध केले. जो पक्षी आमच्याकडे प्रत्येक विहिरीच्या थारोळ्यावर ढोकरी म्हणून उभा असे, त्याला शास्त्रात नाव मिळाले ते असे, जमाबंदीच्या कामाच्या ओघात. पुढे अमेरिकन मराठी मिशनचा रेव्हरंड फेअरबँक याने खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि अहमदनगर या भागांतील पक्ष्यांवर १८७६ मध्ये लिहिले, आणि जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने वेंडन या सहकाऱ्यासह १८७८ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची आणखी एक विस्तृत यादी दिली. दोन्ही लेख छापले ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम याच्या नियतकालिकात. ह्यूमने आपला पक्ष्यांचा प्रचंड संग्रह १८८५ मध्ये ब्रिटिश म्यूझियमच्या स्वाधीन केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरविण्यात पुढाकार घेतला. त्या सभेत जमलेल्या वकील-संपादकांपैकी कितीजणांना आपला हा सूत्रधार टिलव्यांच्या कातड्यांचाही जाणकार असल्याचे ठाऊक होते, ही कल्पना करण्याची गोष्ट आहे. साल लक्षात घ्यावे: फेअरबँक आणि डेव्हिडसन यांच्या याद्या आणि म्हसवडच्या भरावावरील उपाशी रांगा एकाच काळातील आहेत. दोन्हींची नोंद राज्यकर्त्यांच्या भाषेतच झाली.

साताऱ्याचा या विद्येवर खरा हक्क पोहोचतो तो मात्र एका निराळ्याच माणसामुळे. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन, जो आपल्या लेखांखाली नुसती ‘ईएचए’ ही तीन अक्षरे घाली, तो १८५१ मध्ये साताऱ्यास एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी जन्मला. मुंबईच्या जकात व मीठ खात्यात त्याने नोकरी केली आणि १८८३ मध्ये डॉ. आत्माराम पांडुरंग, डॉ. सखाराम अर्जुन प्रभृती सात जणांसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरील त्याचे पुस्तक १९०० चे. बंदूक त्याने वापरली नाही असे नाही. परंतु जिवंत पक्षी काय करतो, कसा चालतो, कसा फसवतो, याच्याकडे विनोदबुद्धीने पाहण्याची जी सवय त्याच्या लेखनात आढळते ती यादी करणाऱ्यांत नव्हती. पाणथळीच्या इतिहासात त्याला आणखी एका प्रकारे जागा मिळाली: हिवतापाच्या डासांच्या कुळातील एका जातीला त्याचेच नाव आहे.

यादी करणारे थोडे, मारणारे पुष्कळ. पाणलाव्याची वेडीवाकडी झेप बंदुकीच्या नेमाची कसोटी पाहते म्हणून साहेबलोकांत तिला मान होता, आणि त्यांचे पाहून दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानांच्या शिकारखान्यांतही पाण्यावरची शिकार थोडीफार रुळली. पण आपल्याकडील संस्थानिकांचा जीव खरा चित्ता, वाघ आणि रानडुकरांवर. पक्ष्यांचा खरा जाणता होता तो फासेपारधी, ज्याने तित्तिर-लाव्यांच्या वाटा आणि पाण्यावर येण्याच्या वेळा पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवल्या, आणि ज्याला १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या पर्वात सरकारने माणूस म्हणूनच संशयिताच्या रकान्यात टाकले. वन्य पक्ष्यांच्या रक्षणाचे कायदे १८८७ व १९१२ मध्ये झाले, मुंबई राज्याचा १९५१ मध्ये, आणि अखेर सबंध देशास लागू होणारा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये. बंदूक खाली आली ती मुख्यतः या शेवटच्या कायद्याने, आणि काही अंशी काडतुसांच्या किमतीने.

कॅमेरा तोवर वाटेवर होताच. इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन या बंधूंनी १८९५ मध्ये पक्ष्यांच्या घरट्यांवरील एक पुस्तक सर्वस्वी छायाचित्रांनी सजवून काढले, आणि पुढे पक्ष्यांच्या जवळ जाता यावे म्हणून बैलाचे कातडे पोकळ सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात कॅमेऱ्यासह उभे राहण्यापर्यंत त्यांची मजल गेली. आमच्या तलावांवर असल्या सोंगाची गरज पडत नाही; गाळपेरात खरे बैल हिंडत असतात आणि बगळे त्यांच्या पायांतून फिरतात. हिंदुस्थानात या विद्येचे एक भरीव पुस्तक लोथर याचे, १९४९ चे. त्यानंतर सलीम अली यांच्या सहवासात कच्छ-काश्मीरात छायाचित्रे घेणाऱ्या लोक वान थो याचे १९५७ मध्ये आले. सलीम अलींचे स्वतःचे पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक १९४१ चे. ज्या मराठी गृहस्थांनी बंदुकीऐवजी दुर्बीण उचलली त्यांच्या पिशवीत पुढील तीस-चाळीस वर्षे तेच असे.

आमच्या भागात हा बदल साहित्याच्या वाटेने आला. आटपाडी तालुक्यातील माडगुळ्यास १९२७ मध्ये जन्मलेले व्यंकटेश माडगूळकर, ज्यांच्या १९५५ च्या ‘बनगरवाडी’त औंध संस्थानच्या त्याच माणदेशी माळाचे चित्र आहे, ते तरुणपणी शिकारी होते आणि नंतर निरीक्षक झाले; बंदूक बाळगणारा डोळा वही बाळगू लागला म्हणजे भाषेत काय फरक पडतो हे त्यांच्या गद्यावरून मराठी वाचकास कळले. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडून पक्ष्यांची देशी नावे गोळा केली आणि ‘पक्षीकोश’ सिद्ध केला. १९८१ मध्ये लोणावळ्यास पहिले पक्षिमित्र संमेलन भरले, आणि १९८७ पासून जानेवारी महिन्यात आशियाभर पाणपक्ष्यांची जी गणना होऊ लागली तिच्यामुळे शाळामास्तर, वैद्य, बँकेतील कारकून अशा माणसांनी तलावावर जाऊन नुसते पाहावे आणि आकडे लिहावेत याला एक प्रतिष्ठा आली.

छायाचित्र काढणे हे मात्र फार काळ खर्चिक राहिले. उटकमंडच्या सरकारी कारखान्याची ‘इंदू’ फिल्म, पूर्व जर्मनीची ‘ओरवो’, रशियन बनावटीचा ‘झेनिट’ कॅमेरा आणि उसने आणलेले लांब भिंग, एवढ्या सामग्रीवर छत्तीस चित्रांचे एक रीळ पुरवून पुरवून वापरावे लागे. म्हणून त्या पिढीतील माणूस घोडा दाबण्यापूर्वी पुष्कळ वेळ पक्ष्याकडे पाही. पुढे अंकीय कॅमेरे आले, रिळाचा खर्च सरला, आणि सेकंदाला दहा-दहा चित्रे निघू लागली. यात तोटा झाला असे सरसकट म्हणणे अरसिकपणाचे होईल. टोच मारताना चिखल्याच्या चोचीतून ताणली गेलेली अळी तुटण्यापूर्वीचा क्षण, किंवा पाणलाव्याच्या चोचीचे उचललेले टोक, या गोष्टी उघड्या डोळ्यास कधीच दिसल्या नसत्या. त्या या यंत्रानेच दाखविल्या.

या कलेची रीत जुन्या लपणातील शिकाऱ्याच्या रीतीहून फारशी वेगळी नाही. पक्ष्याकडे चालत गेलेला मनुष्य हरतो. पाण्याची कड कोणत्या दिशेने ओसरत आहे ते पाहून, पक्षी चरत चरत जेथे पोहोचणार तेथे आधी जाऊन पोटावर पडून राहावे, सूर्य पाठीशी असावा, वारा कोणताही चालेल कारण पक्ष्याला वासाची फिकीर नसते, आणि कॅमेरा वाळूच्या पिशवीवर टेकवून चिखलाच्या पातळीवर आणावा. उभ्या माणसाला पाहून शंभर पावलांवरून उडणारा टिलवा निजलेल्या माणसाच्या हाताच्या अंतरावरून चरत जातो. चित्रही मग पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरचे उतरते. हे न करता, रोहितांचा थवा उडाल्यावर पंखांची लाली चांगली दिसते म्हणून त्यांना मुद्दाम उठविणारे, अथवा नावेने त्यांच्यामागे लागणारे महाभागही तलावावर येतात. हजारो कोस उडून आलेला पक्षी दिवसभर जे खातो ते परतीच्या प्रवासाची शिधोरी असते. दर उठवणीला ती थोडी खर्ची पडते. असल्या छायाचित्रांना बक्षिसे मिळू नयेत असे मला वाटते.

प्रशासनाच्या नकाशावर हा मुलूख अनेकदा फिरला. संस्थाने १९४८ मध्ये विलीन झाली, १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. पूर्वी औंधच्या महालाची आणि खालसा तालुक्याची असलेली हद्द आता दोन जिल्ह्यांची झाली. पक्ष्यांच्या नावे स्वतंत्र सनद निघण्यास २०२१ साल उजाडले, जेव्हा मायणी आणि परिसरातील सुमारे साडेआठ चौरस किलोमीटर क्षेत्र पक्ष्यांसाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झाले.

त्याच सुमारास पाण्याचा हिशेब बदलत होता. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी, जिहे-कठापूर या योजनांनी कृष्णाखोऱ्याचे पाणी पंपांनी उचलून दुष्काळी पट्ट्यात नेले. ज्या नेर तलावात पूर्वी येरळेला येईल तेवढेच पाणी साठे, त्यात कृष्णेचे पाणी पडू लागले. ज्यांच्या पणज्यांनी एक पौंड धान्यावर माती वाहिली त्यांच्या शिवारात ऊस आणि डाळिंब उभे राहिले, आणि याविषयी खंत करणारा पक्षिप्रेमी मनुष्य म्हणून करंटा समजला पाहिजे. परंतु परिणाम नोंदवला पाहिजे. उन्हाळ्यातही भरलेला तलाव बदकांना, पाणकावळ्यांना, टिबुकल्यांना मानवतो. आखूड पायांच्या पक्ष्यांना तो आश्विनातल्या तलावाइतकाच परका असतो, कारण काठ ओसरतच नाही. त्यात २०१७ पासून गाळमुक्त धरण आणि गाळयुक्त शिवार या योजनेखाली तळ्यांतील गाळ उपसून शेतांत नेण्याचे काम ठिकठिकाणी झाले. शेताला तो गाळ सोन्याच्या मोलाचा. पण यंत्राने उकरलेली कड उभी होते, आणि वीतभर पाणी उतरले तर वीतभरच चिखल उघडा पडतो. राखीव क्षेत्राच्या फलकावर पाणी किती असावे हे लिहिलेले नसते. ते ठरविणारे खाते निराळे, मासेमारीचा ठेका देणारे निराळे, आणि पक्ष्यांवर लक्ष ठेवणारे निराळे.

पाण्याची पातळी केव्हा आणि किती उतरू द्यावी याचे वेळापत्रक या तिन्ही खात्यांनी एकत्र बसून ठरविणे अवघड नाही; पौष ते फाल्गुन या तीन महिन्यांत एखादा उथळ कोपरा हळूहळू रिकामा होऊ दिला, आणि तेवढ्या भागातील गाळ उतरता ठेवून उपसला, तरी कालव्याच्या पाळ्यांत फारसा फरक पडणार नाही. तसे होईपर्यंत पक्ष्यांनी आपली सोय पाहिली आहे. ज्याला आज टिलवे आणि शेकाट्या यांची हमखास छायाचित्रे हवी असतात, तो नावाजलेला तलाव सोडून एखाद्या गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या आटत्या शेपटाकडे, भिजवणाच्या दिवशी उसाच्या मोकळ्या वाफ्याकडे, नाहीतर शहराचे सांडपाणी जेथे पसरते त्या उथळ डबक्याकडे वळतो. तेथे वास असह्य असतो आणि दृश्याला शोभा नसते. पण अळ्या भरपूर असतात, पाणी बोटभर असते, आणि पक्षी माणसाला सरावलेले असल्यामुळे पोटावर निजण्याचीही गरज पडत नाही.